सुहैलीची कॅलिफोर्नियातली बहीण

कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा या गावाच्या नावाचा स्पॅनिश अर्थ ‘किनाऱ्यावरचे पठार’ असा आहे. पण गावात फिरताना समुद्र दिसत नाही. तो पलीकडे न्यूपोर्ट बीचला, गाडीने दहा मिनिटांवर. गावाच्या पश्चिम अंगाला प्लासेन्शिया अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना बैठ्या शेड, पत्र्याचे दरवाजे, गॅरेज, गोदामे. पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवावे असे इथे काहीच नाही. तरीही आम्ही तिथे गाडीतून उतरलो आणि अर्धा तास रेंगाळलो, कारण १९६० आणि ७० च्या दशकांत याच परिसरात फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या शेकड्यांनी तयार होत होत्या. कोलंबिया, आयलँडर, कॅल ही त्या काळातली मोठी नावे इथलीच. त्यांच्यातच एक वेस्टसेल. तिच्या ‘वेस्टसेल ३२’ या होडीसाठी आम्ही इथवर आलो होतो.

खरे तर आम्ही आलो होतो भाच्याकडे. आमच्या आपाचा धाकटा मुलगा इथे अर्व्हाइनला इंजिनिअर आहे. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीशिवाय एवढा लांबचा सफर जमत नाही. निघण्याआधी आपाचा दापोलीहून फोन आला. पोराने एक जुनी शिडाची होडी बघून ठेवली आहे, तिच्यातून हवाईला जाण्याच्या गोष्टी करतो आहे, तुम्ही जाताच आहात तर ती होडी नीट बघा आणि मला खरे काय ते सांगा. “त्याचं मन राखायला गोड बोलू नका,” ती म्हणाली. आमचे दुलाभाई पस्तीस वर्षे जहाजांवर होते, सारंग म्हणून निवृत्त झाले. ते पलीकडून एवढेच म्हणाले, “होडी पाण्यात बघू नका. बाहेर काढलेली बघा.”

सुदैवाने ती बाहेरच होती. न्यूपोर्ट बंदरातल्या एका यार्डात, लोखंडी टेकूंवर उभी. होडी पाण्यात असताना दिसते त्याच्या दुप्पट ती जमिनीवर दिसते. तिच्या पोटाखाली उभे राहून वर बघताना आम्हाला हर्णैच्या बंदराशेजारी पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या होड्या आठवल्या. वेस्टसेल मात्र त्यांच्याहून कितीतरी गुबगुबीत. लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट, पाण्याखाली ५ फूट. वजन सुमारे २०,००० पौंड, म्हणजे नऊ टनांच्या आसपास. त्यातले तीन टनांहून जास्त वजन नुसते तळाच्या कण्यात भरलेले. पुढे एक लांब दांडा नाळेतून बाहेर आलेला, मागे सुकाणू उघड्यावर, बिजागऱ्यांवर टांगलेले. आणि मागची बाजू सपाट कापलेली नाही, पुढच्यासारखीच निमुळती. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीला जशी दोन्हीकडे टोके असतात, तशी.

ही निमुळती पाठ हौसेखातर आलेली नाही. तिचा उगम नॉर्वेत आहे. तिथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मच्छीमारांचे तांडे वादळात सापडत आणि गावेच्या गावे विधवांची होत. १८९१ मध्ये तिथे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी लार्विक गावच्या कॉलिन आर्चर यांनी एक होडी बांधली, जी १८९३ मध्ये पाण्यात उतरली. आर्चर यांचे आईवडील स्कॉटलंडहून आलेले. ध्रुवीय मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेले ‘फ्राम’ हे जहाजही त्यांनीच बांधले. बचावाच्या होडीपुढची अट विचित्र होती: बाकीचे सगळे बंदराकडे पळत येतील तेव्हा हिने बाहेर जायचे. इंजिन नाही, नुसते शीड. तांड्याजवळ थांबून राहायचे, वेळ पडली तर दुसऱ्या होडीला दोराने ओढत आणायचे. म्हणून तिला वजन दिले, खोल आणि लांब कणा दिला आणि मागून चालून येणारी लाट आपटण्याऐवजी दुभंगून जावी म्हणून मागची बाजू निमुळती केली. वेग हा विषय यादीत बराच खाली होता.

१९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम अ‍ॅटकिन यांनी हाच घाट ३२ फुटांत बसवला आणि त्या आराखड्याला ‘एरिक’ नाव दिले. इथे गोष्ट आपल्या दारात येते. १९६० च्या दशकात मुंबईत ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘एरिक’चा आराखडा घेऊन कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये सागवानाची होडी बांधून घेतली. आपल्या सुतारांनी ती वाकसाने तासून आणि दोरीने फिरवायच्या गिरमिटाने भोके पाडून उभी केली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. तिचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातात अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. सुहैल हा तारा आपल्या घरात उर्दू शेरोशायरीमुळे माहीत असतो. मराठीत त्यालाच अगस्त्य म्हणतात, हे वर्गात सांगितले की मुले नेहमी चकित होतात.

१४ जून १९६८ रोजी ‘सुहैली’ इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरातून निघाली आणि कुठेही न थांबता, एकट्या माणसाला घेऊन, पृथ्वीला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परत आली. एकट्याने, न थांबता केलेली ही पहिली प्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते; पूर्ण केली ती एकाच होडीने, आणि ती होती मुंबईत बनलेली, सगळ्यांत संथ होड्यांपैकी एक. आमच्या शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हे का नसावे, कोण जाणे.

यार्डातली वेस्टसेल या ‘सुहैली’ची बहीणच म्हणायची. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात विल्यम क्रेलॉक या आराखडाकाराने अ‍ॅटकिनचा घाट फायबरग्लाससाठी नव्याने रेखला. ती कंपनी बुडाली, तेव्हा १९७१ मध्ये व्हिक दांपत्याने तिचे साचे लिलावात घेतले आणि वेस्टसेल सुरू केली. दहा वर्षांच्या आत आठशेहून अधिक होड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या खूपशा नुसत्या कवचाच्या रूपात विकल्या गेल्या. आतले लाकूडकाम, वायरिंग, नळ, सगळे गिऱ्हाइकाने आपल्या अंगणात करायचे. ही गोष्ट पुढे आमच्या कामाची ठरली.

आता फायबर म्हणजे काय, ते थोडक्यात. आम्ही शाळेत मुलांकडून वाडग्याला आतून ओल्या कागदाचे थर चिकटवून कागदी वाडगे करून घेतो. वाळले की बाहेर काढायचे. होडीचेही तसेच. मोठ्या साच्याला आतून आधी गुळगुळीत रंगीत लेप, मग काचेच्या धाग्यांचे कापड, त्यावर राळेसारखे रसायन, पुन्हा कापड, पुन्हा रसायन. सगळे हाताने, रोलर दाबून. घट्ट झाले की होडीचे कवच एकसंध बाहेर येते. त्यात ना फळी, ना सांधा. हा फरक किती मोठा आहे, ते ‘सुहैली’च्या प्रवासातून कळते. निघून काही आठवडे होतात तोच तिच्या तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले आणि नॉक्स-जॉन्स्टन यांना भर समुद्रात बुडी मारून सांधा भरून त्यावर तांब्याची पट्टी ठोकावी लागली. वेस्टसेलला तो सांधाच नाही. शिवाय त्या काळी हे सामान नवे होते, किती जाडी पुरेल याचा पक्का अंदाज कुणाला नव्हता, म्हणून कारखानदारांनी सढळ हाताने थर दिले. एका नळासाठी पाडलेल्या भोकातून आम्हाला कवचाची कड दिसली; करंगळीएवढी जाड, सलग, पोकळी नाही.

भाचा मात्र आमच्यासमोर आकडे घेऊन बसला होता. होडीची रुंदी फुटांत घ्यायची, तिच्या वजनाइतक्या समुद्राच्या पाण्याचे घनफूट काढायचे, त्याच्या घनमुळाने रुंदीला भागायचे. उत्तर दोनच्या खाली आले तर होडी लाटेने उलटण्याची शक्यता कमी आणि उलटली तरी सरळ होण्याची शक्यता जास्त. वेस्टसेलचे उत्तर १.६ च्या आसपास येते. तंजावरची बाहुली कितीही ढकलली तरी उठून बसते, त्यातलाच हा प्रकार. वजन खाली, आणि बैठक अवास्तव पसरलेली नाही. नवीन वेगवान होड्या हलक्या आणि मागे रुंद असतात. बंदरात त्या ऐसपैस वाटतात, पळतातही छान. पण रुंद, हलकी होडी एकदा पालथी झाली की पालथेपणीही स्थिर राहण्याकडे तिचा कल असतो. खाटेसारखी.

हा हिशेब लोकांनी मनावर घेतला तो १९७९ नंतर. इंग्लंड आणि आयर्लंडमधल्या समुद्रात फास्टनेट नावाची शर्यत असते. त्या ऑगस्टमध्ये ३०३ होड्या निघाल्या आणि रात्री वादळाने गाठले. शर्यतीतले १५ जण गेले. २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या. पण त्यांतल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. आम्ही हे ऐकले तेव्हा काही वेळ कुणीच बोलले नाही. होडी तरंगत राहिली आणि तिच्यातून उतरलेला माणूस राहिला नाही, याचा अर्थ काय लावायचा?

वेस्टसेलची स्वतःची अशी एक गोष्ट आहे. १९९१ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. त्यावर पुढे पुस्तक आणि चित्रपटही निघाला. त्या वादळात ‘सतोरी’ नावाची वेस्टसेल ३२ होती. तिघे जण आत. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने तिघांना उचलले. मालकाला होडी सोडायची नव्हती, असे तो नंतरही सांगत राहिला. रिकामी ‘सतोरी’ तशीच वादळात भटकत राहिली आणि काही दिवसांनी शेकडो मैल दूर असाटीग बेटाच्या वाळूवर येऊन लागली. धड. वेस्टसेलवाले ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात आणि भाच्यानेही आम्हाला ती तशीच सांगितली.

आम्हाला मात्र त्यात आपाचा प्रश्न ऐकू आला. होडी वाचेल, हे कबूल. पोराचे काय?

म्हणून मग आम्ही शिडी चढून आत गेलो आणि होडी घर म्हणून पाहू लागलो. आधी स्वयंपाकाची जागा. शेगडी दोन बिजागऱ्यांवर टांगलेली. होडी कलली तरी शेगडी पाळण्यासारखी सरळ राहते, पातेल्यातले पाणी सांडत नाही. कट्ट्याला दोन बोटे उंच कठडा. सिंक लहान पण खोल. समुद्रात भाजण्याच्या जखमा जास्त होतात, म्हणून स्वयंपाक करणाऱ्याला कमरेला पट्टा बांधून उभे राहता येते. छताला पकडायचे दांडे, दोन हातांच्या अंतरावर. झोपायच्या फळीला कापडाचा पडदा, निजलेला माणूस लोळून खाली पडू नये म्हणून. बाहेर सुकाणूजवळची बसायची जागा मुद्दाम लहान ठेवलेली. लाट आत आली तरी थोडेच पाणी मावते आणि लगेच वाहून जाते. डेकच्या कडेला घोट्याच्या वर येणारा भक्कम कठडा. हे सगळे पाहून आम्हाला तसल्ली वाटली. कुणीतरी माणसाचा विचार करून हे बांधले होते.

उणिवा भाच्याने स्वतःच सांगितल्या. पाण्यातली लांबी साडेसत्तावीस फूट, त्यामुळे तिची गती तासाला सात सागरी मैलांच्या वर जात नाही. हलक्या वाऱ्यात तर ती रुसूनच बसते. इथले लोक ‘वेस्टसेल’ची अक्षरे फिरवून तिला ‘वेटस्नेल’ म्हणतात, म्हणजे ओली गोगलगाय. लांब कण्यामुळे ती सरळ रेषेत सुंदर जाते, सुकाणूवर सतत झगडावे लागत नाही आणि वादळात पुढचे छोटे शीड उलट बांधून, सुकाणू अडकवून तिला वाऱ्यापुढे जवळपास जागेवर थांबवता येते. माणूस आत जाऊन झोपू शकतो. पण हाच कणा बंदरात छळतो. “मामू, रिव्हर्समध्ये ती कुठे जाईल ते तिलाच माहीत,” तो म्हणाला. दोन होड्यांच्या मधल्या जागेत तिला मागे घेणे म्हणजे आमच्या गावच्या बाजारपेठेत बाजाराच्या दिवशी एसटी वळवण्यासारखे. हवाई इथून सुमारे २,२०० सागरी मैल. दिवसाला शंभर-सव्वाशे मैल धरले तर अठरा ते बावीस दिवस.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. साठीचा, अबोल माणूस, हातात प्लास्टिकची छोटी हातोडी. त्याने होडीचा इंच न इंच वाजवून पाहिला. कुंभाराकडे आपण मडके वाजवून घेतो, तसा. कवचाचा आवाज सगळीकडे टणक. तळाला काही ठिकाणी नाण्याएवढे फोड होते. जुन्या फायबरला पाणी मुरून ते येतात, घासून भरता येतात. पण डेकवर गेल्यावर आवाज बदलला. डेक सलग फायबरचे नसते, दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असते. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की आतले लाकूड कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. डोलकाठीच्या बुडाशी आणि पुढच्या दांड्याजवळ ठक ठक ऐवजी थप थप आले. तिथे त्याने खडूने गोल काढले.

मग त्याने एक पटल उघडून वायरिंग पाहिले आणि पहिल्यांदाच हसला. पहिल्या मालकाने कवच घेऊन आतले काम घरी केले होते. सुतारकाम अप्रतिम, एकेक सांधा कपाटात ठेवण्यासारखा. वीज मात्र घरातल्या जुन्या तारांनी जोडलेली, खारट हवेत हिरवी पडलेली. अशा होड्यांचे हेच असते. घाट आणि कवच कारखान्याचे, ते एकसारखे. बाकी सगळे ज्याच्या त्याच्या हाताचे. एका वेस्टसेलवरून दुसरीबद्दल बोलता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ त्याने घालवला तो डोलकाठीच्या तारा जिथे कवचाला बांधल्या आहेत, त्या पोलादी पट्ट्यांपाशी. पट्ट्या बाहेरून चकचकीत होत्या. त्याचे म्हणणे, स्टेनलेस स्टीलला हवा लागत राहिली तर ते टिकते. ओल्या, बंद जागेत, म्हणजे बोल्ट कवचातून जातो तिथे, ते आतून चिरत जाते. एक बोल्ट तुटला तर तार सुटते, तार सुटली तर डोलकाठी जाते आणि नऊ टनांची अभेद्य होडी समुद्राच्या मधोमध नुसता लाकडाचा ओंडका होऊन बसते. तारा किती जुन्या याचा कागद विकणाऱ्याकडे नव्हता. बोल्ट काढून बघितल्याशिवाय सही करू नकोस, असे त्याने भाच्याला सांगितले.

त्या रात्री आपाला फोन लावला. आम्ही दोघांनी आळीपाळीने सगळे सांगितले, गोड न बोलता. नॉर्वेची बचावाची होडी सांगितली. ‘एरिक’चा आराखडा ज्या मंडळींच्या पुढाकाराने निघाला त्यांच्यातलेच काही जण १९२४ मध्ये नॉर्वेत घेतलेल्या, दोन्हीकडे निमुळत्या अशाच होडीतून निघाले आणि पुन्हा दिसले नाहीत, हेही सांगितले. कुजलेले डेक सांगितले. आपा मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी तिने विचारले, “एकटा जाणार का?”

भाचा म्हणाला, नाही.

“कधी?”

तो घुटमळला. मग दुलाभाईंनी फोन घेतला आणि दोघांचे जे बोलणे झाले ते आम्हाला अर्धे कळले, अर्धे नाही; सगळे बोल्ट, तारा, पंप आणि नांगराच्या साखळीबद्दल. त्यांनी पस्तीस वर्षांत शिडाच्या होडीवर एक दिवसही काढलेला नाही, पण नांगराची साखळी किती असावी यावर त्यांचे मत ठाम होते. बोलणे संपले तेव्हा तीन गोष्टी ठरल्या होत्या. बोल्ट काढून पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. पहिले वर्ष फक्त कॅटलिना बेटापर्यंत, जे इथून सव्वीस मैलांवर आहे. आणि हवाईचे नाव काढायचे तर दुलाभाई आधी इथे येऊन होडी बघणार. शेवटची अट आपाची होती. दुलाभाईंना ती फारशी जाचक वाटली नसावी.

आम्ही भारतात परतलो त्याच आठवड्यात भाच्याने चार बोल्टांचे फोटो पाठवले. दोन स्वच्छ. दोघांच्या मानेशी केसाएवढी तांबूस चीर. दुलाभाईंनी चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करून पाहिला आणि उत्तर लिहायला आमच्याकडे फोन दिला: सगळेच बदल, चार नव्हे. विकणाऱ्याने किंमत त्या हिशेबाने उतरवली. डेकचे काम पावसाआधी, म्हणजे तिथल्या नोव्हेंबरच्या आत, उरकायचे आहे.